साडेबारा हजार किलोमीटर आणि माझी पोटरी

निघण्याच्या आदल्या आठवड्यात मी कपाटावरचा पृथ्वीगोल खाली काढला. शाळेतून निवृत्त होताना सहकाऱ्यांनी दिलेली ती भेट. त्यावरची धूळ पुसली, शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा घेतला आणि त्याचे एक टोक मुंबईवर, दुसरे न्यूयॉर्कवर धरून ताणला. सपाट नकाशा पाहणाऱ्याला वाटते, वाट सरळ पश्चिमेकडे अरबस्तान, आफ्रिका, मग अटलांटिक अशी असणार. दोरा मात्र ताणला की वर उत्तरेला सरकतो. तो मध्य आशिया आणि रशिया ओलांडतो, आइसलंडवरून जातो, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला स्पर्श करतो आणि मग अमेरिकेच्या किनाऱ्याकडे उतरतो. गोलावरचे सर्वांत जवळचे अंतर बृहद्वृत्तावरून मोजायचे असते, हे एकतीस वर्षे मी मुलांना याच दोऱ्याने दाखवले होते. या वाटेने मुंबई ते न्यूयॉर्क अंतर भरते सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. पृथ्वीचा घेर चाळीस हजारांचा. म्हणजे लेकीकडे जाण्यासाठी मला जगाला जवळजवळ एक-तृतीयांश प्रदक्षिणा घालायची होती.

मग वेळेचे गणित मांडले. मुंबई साधारण ७३ अंश पूर्व रेखावृत्तावर, न्यूयॉर्क ७४ अंश पश्चिमेला. फरक १४७ अंशांचा. एका अंशाला ४ मिनिटे, या हिशेबाने दोन्ही ठिकाणच्या सूर्यामध्ये ९ तास ४८ मिनिटांचे अंतर. घड्याळे मात्र साडेनऊ तासच दाखवतात. कारण आपण मिर्झापूरजवळच्या ८२ अंश ३० मिनिटांच्या रेखावृत्ताची वेळ पाळतो आणि अमेरिका उन्हाळ्यात आपली घड्याळे तासभर पुढे ढकलते. नोव्हेंबरात ती मागे घेतली की तोच फरक साडेदहा तासांचा होतो. हे सारे एका वहीत नीट लिहून ठेवले. यजमान हसून म्हणाले, "परीक्षा आहे का तिकडे?" मला या गणिताचा अभिमान होता, हे कबूल करायला हवे. पृथ्वीबद्दलचे माझे सगळे आकडे बरोबर होते.

ही २०१८ च्या सप्टेंबरमधली गोष्ट. मुलगी न्यू जर्सीत एडिसनला राहते. तिचे पहिले बाळंतपण ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात अपेक्षित होते. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे यजमानांना साताऱ्यातून हलता येणे शक्य नव्हते. त्रेसष्टाव्या वर्षी मी पहिल्यांदाच एकटी, आणि पहिल्यांदाच देशाबाहेर निघाले होते. शेजारीपाजारी विचारीत, "किती तासांचा प्रवास?" मी सांगे, "सोळा." मुंबईहून कुठेही न थांबता जाणारे विमान साधारण तेवढ्याच वेळात पोहोचते. आमचे तिकीट त्याहून स्वस्त होते, म्हणून वाटेत दुबईला विमान बदलायचे होते. मुंबई ते दुबई सुमारे १,९०० किलोमीटर आणि तीन तास. दुबई ते न्यूयॉर्क सुमारे ११,००० किलोमीटर आणि जवळजवळ चौदा तास. अंतरात फरक जेमतेम चारशे किलोमीटरांचा. मनाशी म्हटले, सातारा-मुंबई येण्याजाण्याइतकेसुद्धा नाही.

आता त्या वहीतली पुढची नोंद सांगते. ती प्रवासातच केलेली आहे. साताऱ्याचे घर सोडले दुपारी चार वाजता. वाटेत घाटात अडकलो, विमानतळावर पोहोचायला रात्रीचे अकरा झाले. विमान पहाटे साडेचारचे. दुबईत अडीच तास. न्यूयॉर्कला उतरले तेव्हा तिथल्या घड्याळात दुपारचे सव्वादोन वाजले होते. इमिग्रेशनची रांग, सामानाचा पट्टा आणि त्यानंतर जावयांच्या गाडीतून एडिसन. घरात पाऊल टाकले तेव्हा बाहेर संध्याकाळचे सहा, आणि माझ्या मनगटावरच्या, मुद्दाम न बदललेल्या घड्याळात पहाटेचे साडेतीन. दारापासून दारापर्यंत साडेपस्तीस तास. त्यांतील अठ्ठावीस-एकोणतीस तास मी बसून काढले होते. हा शेवटचा आकडा मात्र वहीत नव्हता. तो नंतर कोणी दुसऱ्याने मोजायला लावला.

विमानात मी मुद्दाम खिडकीची जागा मागून घेतली होती. भूगोलाच्या शिक्षिकेने दुसरे काय मागावे? काळा समुद्र दिसेल, अटलांटिक दिसेल अशी आशा. दिसला तो पंख आणि त्याखाली ढगांचा कापूस; पुढे तर सगळ्यांनी झोपावे म्हणून खिडक्यांच्या झापा खाली करायला सांगितल्या. एक नवल मात्र अनुभवले. सकाळी साडेआठला दुबईहून निघालेले विमान सूर्याचा पाठलाग करीत पश्चिमेकडे जात होते, त्यामुळे चौदा तास उडूनही बाहेर दुपारच होती. दिवस संपतच नव्हता. समोरच्या पडद्यावर विमानाची आकृती मुंगीच्या पावलांनी सरकत होती आणि उरलेले किलोमीटर कमी होत होते. मी तो आकडा जपमाळेसारखा पाहत बसले.

माझ्या शेजारी एक तरुण मुलगा आणि त्याच्या पलीकडे एक वयस्कर गृहस्थ. दोघेही जेवण झाल्यावर गाढ झोपले. मधल्या वाटेवर जायचे तर दोघांना उठवावे लागणार. एकदा मी तसे केले. त्या गृहस्थांनी काही न बोलता पाय आवरले, पण चेहऱ्यावर त्रासिकपणा उमटला. तेवढे पुरे झाले. पुन्हा उठावे लागू नये म्हणून मी पाणी पिणेच थांबवले. हवाईसुंदरी पेला घेऊन येई आणि मी हसून मान हलवी. एस.टी.च्या प्रवासात बायका जे करतात तेच. आमच्या पिढीला कोणी शिकवावे लागले नाही. निघण्याआधी पाणी प्यायचे नाही, वाटेत घोटभर, आणि पोहोचेपर्यंत दम धरायचा. अकरा तास मी त्या खुर्चीतून उठले नाही. हे मला सोशिकपणाचे वाटत होते, थोडे कौतुकाचेही.

पहिल्या दोन रात्री जेट लॅगच्या. रात्री दोनला टक्क जाग, तीनला कडकडून भूक, दुपारी जेवताना डोळे मिटलेले. शरीरातले घड्याळ दिवसाला साधारण एखाद्या तासानेच सरकते, त्यामुळे साडेनऊ तासांचा फरक भरून निघायला आठवड्याहून अधिक काळ लागू शकतो हे पुढे वाचले. या आतल्या घड्याळाचे यंत्र पेशींमध्ये कसे चालते, हे फळमाश्यांवर काम करून उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चे नोबेल मिळाले होते, आणि त्यांतले यंग तर न्यूयॉर्कमधल्याच रॉकफेलर विद्यापीठातले. रात्री तीन वाजता स्वयंपाकघरात उभी राहून पोळीचा तुकडा खाताना मला यातले काही ठाऊक नव्हते. थकवा, पायांची जडता, डोके जड होणे हे सगळे मी त्याच एका नावाखाली टाकले. डाव्या पोटरीतली दुखरी कळसुद्धा.

तिसऱ्या दिवशी ती पोटरी उजवीपेक्षा जाड दिसू लागली. हात लावला तर गरम. चालताना आतून कोणी आवळल्यासारखे होई. मी काय केले? तिळाचे तेल कोमट करून दोन संध्याकाळी चांगली चोळली. बरेही वाटले थोडे. लेकीला सांगितले नाही. तिला नववा महिना, रात्री झोप नाही, त्यात आईच्या पायाचे कशाला? मी साडी नेसत असल्यामुळे पाय झाकलेला राही. तिच्यासमोर लंगडायचे नाही, एवढेच पथ्य पाळले.

पाचव्या दिवशी ती सोफ्यावर आणि मी तिच्या पायाशी गालिच्यावर बसून बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत होते. उठताना मला उठवेना. तिने साडीची निरी सरकवून पाय पाहिला आणि तिचा चेहराच बदलला.

"कधीपासून आहे हे?"

"अगं, प्रवासाचा शीण आहे. उतरेल."

"आई, एकाच पायाला शीण येतो का?"

तासाभरात आम्ही इस्पितळात होतो. तपासणाऱ्या डॉक्टरांनी नाव-वय विचारल्यावर पहिला प्रश्न केला तो प्रवासाचा. किती लांबून आलात? माझ्यातली शिक्षिका जागी झाली. मी सांगितले, जवळजवळ तेरा हजार किलोमीटर. ते म्हणाले, "किलोमीटर नकोत मला. शेवटच्या विमानात तुम्ही न उठता सलग किती तास बसलात, ते सांगा." मी अकरा म्हटले. त्यांनी त्याआधीचे दुबईपर्यंतचे तीन तास, विमानतळावरच्या खुर्चीवरची रात्र, आणि साताऱ्याहून मोटारीतले सात तासही विचारले आणि सगळ्यांची बेरीज केली. त्यांच्या दृष्टीने माझा प्रवास मुंबईत सुरू झालाच नव्हता. डॉपलर सोनोग्राफीत गुडघ्याच्या मागच्या खोल शिरेत गुठळी दिसली.

त्यानंतर त्यांनी जे समजावले ते कुटुंबातल्या सर्वांनी ऐकण्यासारखे आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगते. पायातले रक्त गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हृदयाकडे परत चढवण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. आपण चालतो तेव्हा ते आकुंचन पावतात, आतल्या शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. गुडघे दुमडून तासन्‌तास बसले की हा पंप बंद पडतो, खुर्चीची कड मांडीच्या मागे दाबते, आणि खोल शिरांत रक्त साचून गोठू शकते. पाय सुजतो तो त्यामुळे. खरा धोका पायात नसतो; गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला तर दम लागतो, छातीत दुखते आणि प्राणावरही बेतू शकते. असे काही झाले तर मग क्षणभरही वाट पाहायची नसते. मी तेलाने चोळले, हे ऐकून डॉक्टर क्षणभर बोललेच नाहीत. गुठळीचा संशय असलेला पाय चोळणे म्हणजे तिला सुटायला मदत करणे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली या विषयावर एक अहवाल प्रसिद्ध केला होता. चार तासांहून अधिक काळाच्या प्रवासानंतर अशी गुठळी होण्याची शक्यता सुमारे दुप्पट होते, असे त्यात आढळले. ही दुप्पट ऐकून घाबरायला नको, कारण मुळात ती अगदी थोडी. निरोगी प्रवाशांत साधारण सहा हजारांत एक. पण त्यात एक बारकावा होता. धोका केवळ विमानाचा नाही. मोटार, बस, रेल्वे, जिथे म्हणून माणूस हालचालीविना बसतो तिथे तो असतो, आणि प्रवास संपल्यावरही काही आठवडे राहतो. आमच्याकडे साताऱ्याहून नागपूरला रात्रभर बसने जाणारे लोक आहेत. त्यांना हे कोणी सांगितलेले नाही. शिवाय काही माणसांच्या बाबतीत शक्यता अधिक वाढते: आधी कधी गुठळी झालेली, नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झालेली, कर्करोगाचे उपचार चालू असलेली, गरोदर किंवा नुकतीच बाळंत झालेली, हार्मोनच्या किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेणारी, वजन फार असलेली. डॉक्टरांनी माझ्या दोन्ही पोटऱ्यांवरचे फुगलेल्या निळ्या शिरांचे जाळे पाहिले आणि विचारले, "उभे राहून करायचे काम होते का?" एकतीस वर्षे फळ्यासमोर उभी होते, असे मी सांगितले. त्या शिरा म्हणजे शिक्षकी पेशाची खूण, एवढेच मी आजवर समजत आले होते.

विमानातली हवाही वेगळी असते. बाहेर पस्तीस-चाळीस हजार फुटांवर विमान उडत असले तरी आतला दाब सहा ते आठ हजार फुटांच्या उंचीइतका ठेवलेला असतो. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांच्या आसपास. म्हणजे आपण त्याहून बऱ्याच उंच डोंगरावर चौदा तास बसून असतो. हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, नाक सुकते. अशा ठिकाणी मी पाणी नाकारत होते.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या तीन महिन्यांसाठी सुरू झाल्या. प्रवासविम्याने खर्चातला काही भाग दिला, बाकीचा जावयांनी. तो आकडा त्यांनी मला आजतागायत सांगितलेला नाही. इस्पितळात फार राहावे लागले नाही, पण घरी आल्यावर पहिला आठवडा सगळे उलटेच झाले. मी बाळंतपण करायला गेले होते आणि नववा महिना भरलेली माझी लेक माझ्या गोळ्यांच्या वेळा भिंतीवर लिहीत होती. डिंकाचे लाडू मी साताऱ्याहून करून नेले होते, तेही तीच मला आणून देई. एका दुपारी ती रागावली. इतके दिवस साठलेले बोलली.

"मला त्रास नको म्हणून लपवलंस. आणि तुला काही झालं असतं तर मी काय करणार होते?"

मी गप्प राहिले. मग थोड्या वेळाने तिनेच खाली पाहत सांगितले, की गेले दोन महिने तिचाही रक्तदाब वाढलेला होता. दर आठवड्याला तपासणी चालू होती. फोनवर रोज बोलत होतो आम्ही, सकाळ-संध्याकाळ. तिची सकाळ, माझी संध्याकाळ. रोज ती "मी मस्त आहे" म्हणे, आणि मी "इकडे सगळे ठीक" म्हणे. सासूबाईंना दोनदा दवाखान्यात हलवले होते, तेही मी तिला कळवले नव्हते. इतक्या लांबून काही करता येत नाही, मग कशाला सांगायचे, हा दोघींचाही विचार. साडेबारा हजार किलोमीटरांवर फक्त खुशालीच पोहोचते, असे आम्ही आमच्यापुरते ठरवून टाकले होते. त्या दुपारी आम्ही एकमेकींना रक्तदाबाचे आकडे, औषधांची नावे, सगळे सांगितले. हिशेब चुकता करावा तसे.

नात ऑक्टोबरच्या चार तारखेला झाली. सुखरूप. मी तिला न्हाऊ घातले, पण खाली पाटावर बसून पायांवर घेऊन नव्हे. डॉक्टरांनी फार वेळ एका जागी बसायला मना केले होते. ओट्यावर टब ठेवून, उभ्यानेच. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळे तासभर मागे गेली आणि यजमानांच्या फोनची वेळ चुकली. नात मात्र कोणत्याही घड्याळाला जुमानत नव्हती.

परतीचे तिकीट जानेवारीतले. गोळ्यांचा काळ संपला होता. डॉक्टरांनी पुन्हा तपासून परवानगी दिली, पोटरीवर दाब देणारे गुडघ्यापर्यंतचे घट्ट पायमोजे मापाने घ्यायला लावले आणि प्रवासापुरते काय घ्यायचे ते लिहून दिले. ते माझ्या प्रकृतीपुरते होते, म्हणून इथे सांगत नाही. कोणी ऐकीव माहितीवर ॲस्पिरिन घेऊन विमानात चढू नये, एवढे त्यांनी बजावले होते. मधुमेह असणाऱ्यांनी, विशेषतः इन्शुलिन घेणाऱ्यांनी, बदलत्या घड्याळात डोस कधी घ्यायचा हे निघण्याआधीच आपल्या डॉक्टरांकडून वेळांसह लिहून आणावे, हेही. औषधे हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट. या वेळी मी खिडकी मागितली नाही. मधल्या वाटेलगतची जागा घेतली.

पूर्वेकडे येणारी विमाने लवकर पोहोचतात. आकाशात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगाने वाहणाऱ्या वाऱ्यांचा झोत असतो, तो विमानाला मागून ढकलतो. न्यूयॉर्क ते दुबई साडेबारा तासांतच संपले. शरीराला मात्र हाच प्रवास जड जातो. आपले आतले घड्याळ मुळातच चोवीस तासांहून किंचित लांब, त्याला दिवस वाढवणे सोपे आणि कापणे कठीण. साताऱ्याला पोहोचल्यावर नीट झोप लागायला मला बारा दिवस लागले.

त्या परतीच्या विमानात खिडकीपाशी साठीच्या एक बाई होत्या. नऊवारी नव्हे, साधी पाचवारी, खांद्यावर शाल, मांडीवर घट्ट धरलेली पिशवी. आमच्या दोघींच्या मधली जागा रिकामी होती. हवाईसुंदरीने पाणी विचारले तर त्यांनी हसून मान हलवली. ती मान मी ओळखली. तासाभराने मी घोट्यांचे व्यायाम करीत, पावले वर-खाली हलवत असताना त्या माझ्याकडे पाहत होत्या. मी उठून वाटेत उभी राहिले.

"काकू, येताय का जरा मागेपर्यंत? पाय मोकळे होतील."

"नको हो. तुम्हाला उगाच उठबस."

"मी उठलेलीच आहे."

त्या थोडा वेळ पिशवीशी चाळा करीत राहिल्या. मग शाल खांद्यावर सावरून सरकत सरकत बाहेर आल्या. विमानाच्या शेपटीकडच्या मोकळ्या जागेत आम्ही दोघी उभ्या राहिलो आणि मी दोन पेले पाणी मागून घेतले. त्या मुलाकडून येत होत्या, सहा महिन्यांनी. घर जळगावला. मुंबईत उतरल्यावर पुढे रेल्वेने जायचे होते, आणखी सात-आठ तास. घेऊन जायला कोणी येणार आहे का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "नाही, मीच सांगितलं नाही कोणाला. उगाच त्यांची धावपळ." मी त्यांना दुसरा पेला दिला आणि आम्ही परत जागेवर जाण्याआधी मागच्या वाटेने आणखी एक फेरी मारली.